हत्याराचा रंग आणि कपाटाचा रंग

वसंत ऋतूत रंगांविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे पळस, पांगारा, गुलमोहर यांची आठवण व्हावी हे स्वाभाविक होय. आमचा आजचा विषय मात्र त्याहून पुष्कळ रुक्ष आहे. विजेच्या ड्रिल मशीनच्या अंगावर जो रंग असतो, तो लाकडी कपाटावर कसा आणावा, एवढाच तो विषय. आम्हांस निमंत्रण देण्यास आलेल्या गृहस्थांनी तो ऐकून क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि "यावर तासभर बोलता येईल?" असे भीतभीत विचारले. आमची अडचण उलट आहे. आमची हयात रंगांच्या डब्यांत गेली, आणि एवढ्या एका प्रश्नात त्या धंद्यातील बहुतेक सारे शहाणपण व बहुतेक सारी फजिती भरलेली आहे. तासात ते कसे आटोपावे हीच चिंता.

विषय आम्हांस सुचविला तो आमच्या वस्तीतील एका सुतारमिस्त्रींनी. त्यांनी नवी शेड बांधली. त्यांची ड्रिल मशीन, रंधा मशीन, ग्राइंडर ही सारी एकाच जर्मन कंपनीची, निळ्या रंगाची. ती ठेवण्यास भिंतीवर मोठे कपाट केले. ते कपाटही त्याच निळ्यात रंगवावे अशी त्यांची इच्छा. आम्हांस म्हणाले, "काका, या निळ्याचा नंबर काय तेवढा सांगा, दुकानातून डबा घेऊन येतो." कुणी हसेल, परंतु आम्हांस ही हौस खोटी वाटत नाही. खंडेनवमीला ज्यांची पूजा करावयाची त्या हत्यारांना नीटनेटके घर असावे असे कारागिरास वाटले तर त्यात वावगे काय? पण मिस्त्रींच्या प्रश्नातच चूक होती. नंबर सापडला की रंग सापडला असे ते समजत होते, आणि अशी समजूत असणारे ते एकटे नव्हेत.

प्रथम हत्यारांना हे रंग आले कोठून ते पाहू. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९१० साली निघालेल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९१७ साली पिस्तुलासारखी मूठ व घोडा असलेल्या हाती ड्रिलचे पेटंट मिळविले. आजच्या सर्व ड्रिल मशीनांची ती आजी. तिचे अंग धातूचे होते. पुढे प्लास्टिकची कवचे आली, आणि प्लास्टिकच्या पोटातच रंग घालता येत असल्याने कंपनीचा रंग म्हणजे तिचा पोशाख झाला. बॉश कंपनीने धंदेवाईक कारागिरासाठी निळा आणि घरच्या हौशी माणसासाठी हिरवा असे दोन वेष ठरविले. लिश्टेनस्टाइनच्या हिल्टीने तांबडा घेतला. १९१५ साली नागोया येथे विजेच्या मोटरी दुरुस्त करण्याच्या धंद्यातून निघालेल्या जपानच्या माकिताचा रंग आपल्याकडील मोरपंखीच्या जवळचा.

रंगाचे मोल किती, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने डीवॉल्टची गोष्ट ऐकावी. ब्लॅक अँड डेकरची हत्यारे चांगली होती. तथापि त्याच नावाची घरगुती उपकरणे अमेरिकेच्या स्वयंपाकघरांतून दिसू लागल्यावर सुतार, वायरमन यांना ते नाव कामाच्या जागी मिरविण्याची लाज वाटू लागली. धंदेवाईक माणूस माकिताकडे वळला. यंत्रात दोष नव्हता. दोष नावाचा आणि काळसर राखी अंगाचा. तेव्हा कंपनीने कारागिरांच्या हत्यारांवरून स्वतःचे नाव काढले आणि १९६० साली विकत घेतलेल्या डीवॉल्ट कंपनीचे नाव पुढे आणले. रेमंड डीवॉल्ट यांनी १९२० च्या दशकात आडव्या दांड्यावर सरकणारी करवत तयार केली होती. त्यामुळे सुतारकामात त्या नावाला वजन होते. १९९२ साली नवी हत्यारे बाजारात आली ती पिवळ्याधमक व काळ्या रंगांत. त्यानंतर कारागीर परत आले. आपल्याच कारखान्यांतून निघालेल्या मालाला आपलेच नाव अडचणीचे व्हावे आणि दुसऱ्याचे नाव नि पिवळा रंग त्याला तारून न्यावा, हे पाहून आमच्यासारख्या रंगवाल्यास थोडा अभिमान वाटला तर आपण क्षमा कराल.

रंगाची अशी किंमत कळल्यावर त्यावर हक्क सांगणे ओघानेच आले. कपड्यांना इस्त्री करण्याच्या यंत्रावरील गाद्यांचा हिरवट-सोनेरी रंग ही क्वालिटेक्स नावाच्या कंपनीची खूण होऊ शकते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. अर्थात स्वतःचे कपाट निळे करणाऱ्या मिस्त्रींना याची भीती नाही. त्या रंगाची हत्यारे करून विकू म्हणणाऱ्याने मात्र वकील गाठावा. आम्हांस अधिक मजेदार वाटतो तो युरोपीय न्यायालयाचा २००३ चा निकाल. लिबर्टेल या डच टेलिफोन कंपनीने नारिंगी रंगाचा तुकडा कागदावर लावून तो आपली खूण म्हणून नोंदवा असा अर्ज केला होता. न्यायालय म्हणाले, नुसता कागदावरचा नमुना पुरेसा नाही, कारण तो काळाने बदलतो. सर्वमान्य पद्धतीतील क्रमांक दिला तर ते चालू शकेल. रंगारी जन्मभर जे सांगत आला, की नमुना विटतो, ते अखेर न्यायाधीशांनीही मान्य केले!

म्हणजे नंबरच खरा की काय? येथेच मिस्त्री फसले. असे क्रमांक असतात हे खरे. जर्मनीत १९२७ साली चाळीस रंगांची एक यादी झाली. तिचीच वाढ होऊन आजची आर. ए. एल. पद्धती झाली. तिच्या मूळ मालिकेत आज दोनशेहून थोडे अधिक रंग आहेत. आपल्याकडे विजेचे पॅनेल करणारे ज्यास 'सीमेन्स ग्रे' म्हणतात तो करडा याच यादीतला ७०३२ क्रमांकाचा. भारतीय मानकांतही तयार रंगांसाठी 'आय. एस. ५' ही यादी आहे. तीत ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ३५६ म्हणजे गोल्डन यलो, १६६ म्हणजे फ्रेंच ब्ल्यू. कारखान्यातील यंत्रे आणि नळ रंगविणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. पण डोळ्याला लाखो छटा ओळखता येतात आणि यादीत असतात दोनशे. उरलेल्यांचे काय? हत्याराची कंपनी आपला रंग या यादीतूनच निवडील असे तिच्यावर बंधन नाही. त्यामुळे बाजारात "अमक्या मशीनचा हा नंबर" म्हणून जो आकडा कानोकानी फिरतो, तो पुष्कळदा 'यादीतील त्यातल्या त्यात जवळचा' एवढाच असतो. मिस्त्रींना कुणीतरी मोबाईलवर शोधून असाच एक आकडा दिला. डबा आला, दोन हात मारून झाले, आणि कपाट असे जांभळटले की त्यापुढे मशीन हिरवी दिसू लागली. हा पहिला प्रयोग.

दुसऱ्या वेळी ते मशीनच घेऊन दुकानात गेले. ही प्रगती होय. दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे छोटे यंत्र असते. ते वस्तूवर पांढरा प्रकाश टाकते आणि जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत, म्हणजे सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या निरनिराळ्या प्रकाशांपैकी कोणता किती परत आला ते मोजते. मग कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ साली मांडलेल्या समीकरणांच्या आधाराने, पांढऱ्या बेसमध्ये कोणते स्टेनर किती घातले असता असाच प्रकाश परत येईल याचा हिशेब संगणक करतो. त्याच १९३१ साली आणखी एक गोष्ट झाली. राइट आणि गिल्ड या दोघा इंग्रज संशोधकांनी मिळून सतरा माणसांच्या डोळ्यांची जी मापे घेतली होती, त्यांवरून 'प्रमाण डोळा' ठरविण्यात आला. हे प्रयोग हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या रंगावर केलेले होते. जगातील रंगांचे हिशेब अजून बहुतांशी त्या सतरा जणांच्या डोळ्यांनी चालतात, हे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

यंत्राने दिलेला रंग दुकानात मशीनशेजारी धरला तेव्हा अगदी जुळला. मिस्त्री आनंदाने घरी आले. शेडमध्ये, दारातून येणाऱ्या उन्हात तोच रंग परका दिसू लागला आणि संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली तर साफ निराळा. दुकानदाराने फसविले असे त्यांना वाटले. तसे नव्हते.

याचे मर्म कळण्यास एक बाजारचे उदाहरण घेऊ. एका पिशवीत ज्वारी आणि गूळ आहे, दुसरीत तांदूळ आणि तूरडाळ. आजच्या भावाने दोन्ही पिशव्यांची किंमत नेमकी सारखी होते. उद्या भाव बदलले. गूळ उतरला, डाळ चढली. मग दोन पिशव्यांची किंमत सारखी राहील काय? रंगाचे असेच आहे. पिशवीतील माल म्हणजे वस्तूतील रंगद्रव्ये, बाजारभाव म्हणजे त्या जागेचा प्रकाश, आणि आपला डोळा पिशवी उघडून पाहत नाही, एकूण किंमत तेवढी पाहतो. त्याच्याजवळ रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. तीन आकडे जुळले की त्याच्या लेखी रंग जुळला. दुकानातील दिव्याच्या भावाने दोन्ही निळ्यांचा हिशेब सारखा आला; उन्हाचा भाव निराळा, पिवळ्या दिव्याचा त्याहून निराळा. शास्त्रात यास मेटामेरिझम म्हणतात. यावर पक्का उपाय एकच: दोन्ही पिशव्यांत तोच माल असणे. पण हत्याराच्या प्लास्टिकात कोणती द्रव्ये आहेत ते कंपनीस ठाऊक, आणि ती सांगत नाही.

निळ्याच्या बाबतीत हा घोटाळा विशेष होतो, कारण बाजारात निळी द्रव्ये मुख्यतः दोन, आणि त्यांचे स्वभाव भिन्न. एक आपली जुनी ओळखीची नीळ, जी आईने धोतरांना दिली आणि वडिलांनी भिंतीच्या चुन्यात कालविली. तिला अल्ट्रामरीन म्हणतात. दुसरे थॅलोसायनिन. स्कॉटलंडमधील एका कारखान्यात १९२८ साली पांढरे रसायन करीत असता भांड्याच्या काचेच्या अस्तराला तडा गेला, आतल्या लोखंडाशी मालाचा संबंध आला आणि तळाशी निळसर गाळ सापडला. त्या अपघातातून या कुळाचा शोध लागला, आणि तांबे घालून केलेले त्याचे भावंड आज जगभर डब्याडब्यांत आहे. अल्ट्रामरीन अगदी टोकाचा तांबडा प्रकाश थोडा परत पाठविते. थॅलोसायनिन तो गिळते. पिवळ्या दिव्यात तांबडा प्रकाश भरपूर असतो. म्हणून एक निळा दिव्याखाली जांभळटतो आणि दुसरा हिरवटच राहतो. मिस्त्रींना आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दिवा आधी ठरवायचा, मग रंग." रंगशास्त्राची पाठ्यपुस्तके इतक्या थोडक्यात बोलत नाहीत.

दुसरी अडचण चकाकीची होती. मशीनचे प्लास्टिक बारीक खरबरीत असते. मिस्त्रींचा इनॅमल आरशासारखा. कोणत्याही रंगाच्या वस्तूच्या अगदी वरच्या पृष्ठावरून, सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे शेकडा चार भाग रंगीत न होताच परततो. पृष्ठ गुळगुळीत असेल तर हा पांढरा प्रकाश एका दिशेने निघून जातो, आणि ती दिशा चुकवून पाहिले तर रंग गडद, रसरशीत दिसतो. पृष्ठ खरबरीत असेल तर तो चोहोकडे उधळतो आणि रंगावर पिठी भुरभुरावी तसा पसरतो. म्हणजे आतील रंग तंतोतंत एक असला तरी इनॅमल अधिक गडद दिसावयाचा. यास्तव दुकानात जाण्यापूर्वी मॅट, सॅटिन की ग्लॉस हे ठरवावे. हत्याराशी जुळवावयाचे असेल तर सॅटिन बहुधा बरा. पूर्ण मॅट शेडमध्ये हातांच्या डागांनी महिन्यात कळकट होतो.

तिसरी गोष्ट मशीनच्या वयाची. तीन वर्षे उन्हात काम केलेली मशीन आणि खोक्यातून काढलेली मशीन यांचा रंग सारखा कसा असेल? बॅटरी काढली की तिच्या खाली जो भाग उघडा पडतो तेथे ऊन आणि हात फारसे पोचलेले नसतात. मूळ रंग हवा असेल तर तेथे पाहावे. आज दिसणारा हवा असेल तर बाहेर पाहावे, पण साबणाच्या पाण्याने मशीनचे अंग पुसून मगच. मिस्त्रींच्या मशीनवर सागाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांचा पातळ थर होता. दुकानातील यंत्राने इमानेइतबारे तोही मोजला.

आता पिवळ्याविषयी थोडे गंभीरपणे बोलणे प्राप्त आहे. डीवॉल्टच्या पिवळ्याशी जुळविणाऱ्यांपैकी अनेकजण दुकानातील घरगुती पिवळ्यावर नाराज होतात, कारण तो झाकत नाही. तीन हात मारले तरी खालचे लाकूड डोकावते. मग कुणी सांगते, "कारखान्याचा मशिनरी इनॅमल आणा, एका हातात काम होईल." तो खरोखर झाकतो. का? जुन्या पद्धतीच्या औद्योगिक पिवळ्यात लेड क्रोमेट असू शकते, म्हणजे शिसे. त्याची झाकण्याची शक्ती मोठी आणि किंमत कमी. घरगुती व शोभेच्या रंगांत शिसे ९० पी. पी. एम., म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, याहून अधिक नसावे असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला व तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु तो नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरता आहे. औद्योगिक रंग त्याच्या बाहेर राहिले. म्हणजे यंत्रासाठी केलेला डबा माणूस हौसेने घरच्या फळीला लावतो, आणि ज्या वस्तूपासून नियमाने मुलांना राखावयाचे तीच मागच्या दाराने घरात येते. रंग जुना होऊन खपल्या पडतात, मूल त्या तोंडात घालते. किंवा पुढे कुणी पॉलिश पेपरने कोरडेच घासतो आणि धूळ श्वासाबरोबर आत जाते. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते आणि ती भरून येत नाही. मिस्त्रींचा चार वर्षांचा नातू दुपारभर शेडमध्येच असतो. त्यांना पिवळा नको होता हे आमचे भाग्य, पण नारिंगी, तांबडा आणि काही हिरवे यांनाही हेच लागू आहे. जुना हिरवा पुष्कळदा निळ्यात हाच पिवळा घालून केलेला असे.

पिवळा झाकत नाही यावर निर्धोक उपाय आहे, फक्त धीर पाहिजे. डब्यावर शिसे नसल्याची नोंद पाहून घ्यावी. लाकडावर पांढरा प्रायमर, लांबी भरून घासणे, पुन्हा पांढरा हात, आणि त्यावर पिवळ्याचे दोन किंवा तीन पातळ हात. लोखंडी कपाट असेल तर रेड ऑक्साइडवर थेट पिवळा कधीही मारू नये. मध्ये पांढरा द्यावाच, नाहीतर हळदीत गेरू कालविल्यासारखे दिसते. जुना रंग घासावयाचा तर वॉटर पेपर आणि पाणी वापरावे, मुलांना लांब ठेवावे, आणि खाली पडलेला गाळ झाडून न उडविता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

आता तिसरा प्रयोग. आम्ही मिस्त्रींना प्रथम विचारले की सबंध कपाट निळे हवेच कशाला? शेव्हरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ गालिचा-कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तेथे काळ्या लोकरीचा रंग नीट उठत नाही अशी तक्रार होती. त्याने लोकर तपासली. रंगाई चोख होती. काळ्या धाग्याशेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात, त्यांच्यामुळे काळा फिका वाटत होता. शेजाऱ्यामुळे रंग बदलतो हे त्याने १८३९ च्या ग्रंथात विस्ताराने मांडले. (हा गृहस्थ एकशे दोन वर्षे जगला, रंगांच्या सहवासाने आयुष्य घटते असे म्हणणाऱ्यांस आम्ही त्याचे नाव सांगतो.) निळ्या कपाटात निळी मशीन ठेवली की ती हरवते, आणि दोन निळ्यांतला उरलासुरला फरक मात्र ठळक होतो. शिवाय नीट पाहिले तर मशीनसुद्धा नुसती निळी नसते. मूठ काळ्या रबराची, अक्षरे पांढरी, तोंड धातूचे करडे, कळ तांबडी. लांबून ओळख पटते ती त्या प्रमाणामुळे. डीवॉल्टचे तर अर्धे नाव काळ्यात आहे.

मिस्त्री थोडे हिरमुसले, पण ऐकले. कपाटाचे अंग फिकट करड्यात, दाराच्या चौकटी तेवढ्या निळ्या, मुठी व बिजागऱ्या काळ्या असे ठरले. करड्यावर निळ्याची परीक्षा सौम्य होते, आणि निळ्याचे क्षेत्र कमी असल्याने चूकही कमी दिसते. मग आम्ही एक फूट लांबी-रुंदीच्या प्लायवुडच्या चार पाट्या घेतल्या. दुकानाच्या चिटोऱ्यावर भरवसा ठेवू नये; नखाएवढा नमुना आणि दारभर रंग यांचे डोळ्यावरचे वजन निराळे, मोठ्या जागेवर तोच रंग अधिक तीव्र वाटतो. प्रत्येक पाटीवर प्रायमर आणि दोन हात देऊन एक दिवस वाळू दिले. ओल्या रंगावर निकाल देणे म्हणजे पेपर तपासण्यापूर्वीच गुण लावण्यासारखे. पाण्याचे इमल्शन तर ओले असता फिके असते आणि वाळल्यावर गडदते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात, दुपारी आत आणि संध्याकाळी दिव्याखाली अशी तीनदा पाहणी केली. शेडमधला पिवळा दिवा काढून पांढरा लावला होता, कारण मिस्त्रींचे अर्धे काम रात्री चालते. पहिली पाटी जांभळट, तिच्यात हिरव्या स्टेनरचे थेंब वाढविले. दुसरी फार भडक, तिच्यात चिमूटभर काळा. भडक रंग दाबण्यास काळ्यापेक्षा त्याचा विरोधी रंग थोडा घालणे चांगले असे आमच्या धंद्यात मानतात, आणि निळ्याला नारिंगी चालतोही. पण नवशिक्याच्या हातून त्याचा चिखल होतो. तिसरी पाटी उन्हात जुळली, दिव्याखाली किंचित चुकली. चौथी दिव्याखाली जुळली, उन्हात किंचित चुकली. मिस्त्रींनी चौथी घेतली. "उन्हात मी मशीन बाहेर काढतो, काका, कपाट थोडेच काढतो?" असे ते म्हणाले, आणि आम्हांस उत्तर सुचले नाही.

लागेल त्याहून पाव लिटर अधिक रंग एकदमच कालविला, कारण तोच निळा पुन्हा कालविता येईल याची खात्री आम्हीही देत नाही. उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेविला. चौथी पाटी कपाटाच्या तळच्या खणात आहे, आणि दाराच्या आतल्या बाजूस, नातवाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, मिस्त्रींनी शिसपेन्सिलीने लिहिले आहे: बेस किती, निळा किती, हिरवा किती थेंब, काळा किती थेंब, आणि खाली, दिवा कोणता.